झाडांच्या वलयांवरून जुने तापमान कसे कळते?

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याचे माळवद नुकतेच उतरवले. सागवानी तुळईच्या कापलेल्या टोकावर वलये स्पष्ट दिसतात. उत्तर ध्रुवाजवळच्या जंगलांतील झाडांच्या अशाच वलयांवरून शास्त्रज्ञ शेकडो वर्षांपूर्वीचे तापमान सांगतात, असे वाचनात आले. ते कसे सांगतात, आणि आमच्या तुळईवरून मराठवाड्याचे जुने तापमान सांगता येईल काय?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्या भागाचा उलगडा त्यातूनच होतो. आपल्या तुळईवरून तापमान सांगता येणार नाही. जमलेच तर पावसाविषयी थोडेफार सांगता येईल. झाडाच्या वाढीला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई असते, तिचीच नोंद वलयात प्रामुख्याने उमटते. मराठवाड्यातील सागाला उष्णतेची वानवा कधीच नसते. वानवा असते ती पाण्याची. सोयाबीनच्या उताऱ्यावरून त्या साली पाऊस कसा झाला हे शेतकरी सांगेल, पण एप्रिलात ऊन किती तापले होते हे त्यावरून सांगता येणार नाही, तसाच हा प्रकार आहे.

उत्तरेकडे गणित नेमके उलटे आहे. फिनलंड व स्वीडनचा लॅपलंड हा भाग, रशियातील यामाल व तैमीर ही द्वीपकल्पे, अलास्का आणि कॅनडाचा उत्तर भाग येथे जंगल जिथे संपते त्या वृक्षरेषेजवळ जमिनीत ओल बहुधा पुरेशी असते, पण ऊब मोजकीच मिळते. तापमान साधारण 5 अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर सालीच्या आतल्या थरात लाकडाच्या नव्या पेशी तयार होणे जवळजवळ थांबते. त्यामुळे लॅपलंडमधील पाइनचे वर्षभराचे लाकूड मुख्यतः जून-जुलैच्या काही आठवड्यांतच तयार होते. तो काळ उबदार गेला तर वलय रुंद होते, गारठ्यात गेला तर अरुंद. म्हणूनच नमुने घेणारे शास्त्रज्ञ दाट जंगलाच्या मधोमध उभ्या असलेल्या धष्टपुष्ट झाडाकडे सहसा पाहत नाहीत, कारण त्याच्या वलयांत शेजारच्या झाडांशी सूर्यप्रकाशासाठी चाललेली स्पर्धाही मिसळलेली असते. ते वृक्षरेषेजवळची, विरळ उभी असलेली, खुरटी पण दीर्घायुषी झाडे शोधतात. तेथील एकेक वलय पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही अरुंद असते, त्यामुळे घासून गुळगुळीत केलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच ते मोजावे लागते.

मात्र नुसती वलये मोजून भागत नाही. अतिशय थंड वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला वलय तयारच होत नाही, आणि मग मोजणी एका वर्षाने चुकते. यावरचा उपाय अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केला. एकाच प्रदेशातील अनेक झाडांमध्ये रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखाच असतो, तेव्हा एका झाडाचा क्रम दुसऱ्याशी जुळवून पाहिला की हरवलेले वलय सापडते आणि प्रत्येक वलयाला नेमके साल देता येते. हीच जुळणी जिवंत झाडांकडून मेलेल्या झाडांकडे नेता येते. फिनिश लॅपलंडमधील तळ्यांच्या थंड, प्राणवायू नसलेल्या गाळात पाइनची खोडे हजारो वर्षे न कुजता पडून आहेत. त्यांची वलये एकमेकांशी आणि जिवंत झाडांशी जोडून तेथे सात हजारांहून अधिक वर्षांची सलग मालिका तयार झाली आहे. यामालच्या नदीकाठांवरून वर आलेल्या लार्चच्या ओंडक्यांवरूनही तशीच लांब मालिका बांधली गेली.

वलयाच्या रुंदीपेक्षाही भरवशाची खूण त्याच्या गडद पट्ट्यात असते. प्रत्येक वलयात आधी फिके, सैल लाकूड तयार होते आणि हंगामाच्या शेवटी गडद, दाट लाकूड. उन्हाळ्याचा उत्तरार्ध उबदार असेल तर या शेवटच्या पेशींच्या भिंती जाड होतात. गारवा लवकर आला तर त्या पातळ राहतात आणि पट्टा फिकट पडतो. ही घनता मोजण्यासाठी नमुन्यातील राळ विद्रावकाने काढून टाकतात, त्याची मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची पट्टी कापतात आणि तिचे क्ष-किरण चित्र घेतात. स्वित्झर्लंडचे फ्रिट्झ श्वाइनग्रूबर यांनी या पद्धतीने उत्तर गोलार्धातील शेकडो ठिकाणच्या सूचिपर्णी झाडांचे नमुने तपासले. या विषयाचा पाया कोणी घातला असे विचाराल, तर मी डग्लस यांच्याबरोबरीने त्यांचे नाव घेईन. क्ष-किरणांचे काम महागडे असल्याने आता पुष्कळ ठिकाणी लाकडावरून परावर्तित होणारा निळा प्रकाश मोजून तेच अनुमान काढले जाते.

एवढे झाल्यावरही हातात आकडे येतात ते मिलिमीटरचे किंवा घनतेचे, अंश सेल्सिअसचे नव्हेत. त्यासाठी दोन पायऱ्या आहेत. पहिली, झाडाच्या वयाचा परिणाम काढून टाकणे, कारण तरुण झाडाची वलये रुंद आणि म्हाताऱ्या झाडाची अरुंद असतात, मग हवामान कसेही असो. ही पायरी नाजूक आहे. वयाचा परिणाम हलगर्जीपणे पुसला, तर शतकानुशतके हळूहळू झालेला हवामानबदलही त्याबरोबर पुसला जातो. दुसरी पायरी तापमापकाच्या नोंदींशी पडताळा घेण्याची. उपलब्ध नोंदींपैकी काही वर्षे वापरून वलय आणि उन्हाळी तापमान यांचे नाते ठरवतात, आणि बाजूला ठेवलेल्या उरलेल्या वर्षांवर ते नाते टिकते का, हे पाहतात. टिकले तरच मागच्या शतकांविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो.

या पद्धतीने काय हाती लागते, याचे एक उदाहरण देतो. फेब्रुवारी 1600 मध्ये पेरू देशातील वायनापुतिना या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्यातून वर गेलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला, आणि 1601 च्या उन्हाळ्याचा गडद पट्टा उत्तरेकडील असंख्य झाडांमध्ये विलक्षण फिकट उमटला. घनतेच्या नोंदींनुसार तो गेल्या सहा शतकांतील सर्वांत थंड उन्हाळ्यांपैकी एक होता. रशियात त्या साली सुरू झालेला दुष्काळ 1603 पर्यंत चालला. (आपल्याकडे त्याच सुमारास अहमदनगर मोगलांच्या हाती पडले होते आणि मलिक अंबर परांड्याहून निजामशाही सावरू पाहत होता.) इसवी सन 536 नंतरची थंड वर्षे आणि 1815 च्या तांबोरा उद्रेकानंतरचा 1816 चा गार उन्हाळाही झाडांनी असाच टिपलेला आहे.

आता पुन्हा तुळईकडे वळतो. सागाला वार्षिक वलये असतात, कारण त्याची पाने कोरड्या दिवसांत गळतात आणि पावसाच्या सुमारास मोठ्या नलिकांची नवी रांग तयार होते. कापलेल्या टोकावर बारीक छिद्रांच्या ज्या गोल ओळी दिसतात, त्या याच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सागाच्या वलयांचा पावसाच्या संदर्भात अभ्यास केला आहे. परंतु पावसाने मध्येच दीर्घ ओढ दिली तर सागात एकाच वर्षी खोटे दुसरे वलयही उमटू शकते. शिवाय सुताराने तासताना बाहेरचे कोवळे लाकूड आणि साल काढून टाकलेली असते, त्यामुळे झाड कोणत्या साली तोडले हे एकट्या तुळईवरून ठरत नाही. लाकूड बाहेरून विकत आणलेले असेल, तर त्यातील नोंद अंबाजोगाईची नसून ते झाड वाढले त्या जंगलाची असेल. तरीही तुळई जळणासाठी देऊ नये, ही विनंती. टोकाची चार बोटे जाडीची चकती कापून घ्यावी आणि वाडा कोठला, तुळई कोणत्या खणातील, बांधकामाचे साल घरात कोणाला ठाऊक असल्यास ते, अशी चिठ्ठी तिच्यावर डकवावी. अशा चकत्या बऱ्याच घरांतून जमल्या तरच त्यांची जुळणी करता येईल.

प्रश्न : गेल्या काही दशकांत उत्तरेकडील झाडांची वलये तापमानवाढ दाखवत नाहीत, असे म्हणतात. तसे असेल तर त्यांनी सांगितलेल्या जुन्या तापमानावर विश्वास का ठेवावा?
— कृषी शाखेचा विद्यार्थी, परभणी

उत्तर : शंका रास्त आहे आणि ती प्रथम या क्षेत्रातील लोकांनीच मांडली. 1995 मध्ये अलास्कातील स्प्रूस या सूचिपर्णी झाडांवरून आणि 1998 मध्ये इंग्लंडच्या कीथ ब्रिफा यांच्या गटाने उत्तर गोलार्धातील घनतेच्या नोंदींवरून दाखवून दिले की, साधारण 1960 नंतर अनेक ठिकाणी तापमान वर जात असताना वलये त्या प्रमाणात साथ देत नाहीत. कारणे एकाहून अधिक सुचवली गेली आहेत. काही ठिकाणी वाढलेल्या उष्णतेमुळे झाडांना आता पाणीच कमी पडू लागले. काही ठिकाणी हिवाळी बर्फ वाढून ते उशिरा वितळू लागले आणि वाढीचा हंगाम उशिरा सुरू झाला. आणि काही वेळा वयाचा परिणाम पुसण्याच्या पद्धतीमुळेच मालिकेचे शेवटचे टोक वाकडे होते. हा दोष सर्वत्र आढळत नाही. उत्तर स्वीडन व फिनलंडमधील पाइनची घनता तापमापकाला पुष्कळ अंशी धरून आहे. माझ्या मते, म्हणून सर्व मालिकांना एका मापाने तोलणे चूक आहे. जिचा अलीकडच्या नोंदींशी पडताळा बसतो तिला अधिक वजन द्यावे, आणि जिचा बसत नाही तिच्या आधारे जुन्या उबदार काळांविषयी बोलताना हात आखडता घ्यावा, कारण तेव्हाही तिने ऊब कमीच दाखवली असण्याची शक्यता उरते. आणखी एक मर्यादा अशी की, ही झाडे उन्हाळ्याविषयीच बोलतात. ध्रुवाजवळचा जुना हिवाळा किती कडक होता, हे त्यांच्याकडून जवळजवळ कळतच नाही.

प्रश्न : नमुना घेण्यासाठी झाड तोडावे लागते काय?
— एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : नाही. आतून पोकळ असलेले एक खास गिरमिट हाताने फिरवत खोडाच्या गाभ्यापर्यंत नेतात आणि पेन्सिलीहून बारीक, साधारण 5 मिलिमीटर व्यासाची लाकडाची कांडी बाहेर काढतात. सूचिपर्णी झाडे ती जखम राळेने भरून काढतात. सागासारख्या रुंदपर्णी झाडांत मात्र त्या छिद्रातून बुरशी शिरून आतले लाकूड रंग बदलण्याची किंवा कुजण्याची भीती अधिक असते, म्हणून जिथे तोड आधीच झालेली आहे तेथील बुंध्यांवरून चकत्या घेणे श्रेयस्कर. किनवटच्या जंगलात असे काही करावयाचे असल्यास वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल.