आधी ठोकळा, मग खिडक्या

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे रेंडर (इमारतीची संगणकावर काढलेली चित्रं) पाहिले. काचेत आभाळ छान उमटलंय, पण शेजारची इमारत कुठे आहे ते कळत नाही. म्हणून आठवडाभर रेंडर बंद. थर्मोकोल आण, कटरला नवं पातं लाव आणि मासिंग मॉडेल, म्हणजे दारं-खिडक्यांशिवाय नुसत्या ठोकळ्यांचं मॉडेल, करायला बस.

आधी शेजार बनव: इमारती, रस्ता, मोठी झाडं. १:५०० स्केल पुरे. मग एफएसआयचा (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचा) हिशेब ठोकळ्यांत मांड. १,००० चौ. मी. प्लॉटवर १.१ धरला तर बांधकाम १,१०० चौ. मी. त्याचे २७५ चे चार मजले होतात, नाहीतर ५५० चे दोन. कागदावर आकडा एकच. ठोकळे प्लॉटवर ठेवलेस की अंगण कुठे उरतं आणि शेजाऱ्याचा वारा कोण अडवतं ते लगेच दिसतं.

पेडर रोडचं कांचनजुंगा पाहा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची १९८३ सालची इमारत. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा. ८४ मीटर उंचीवर तो कुठून आणायचा? कोरियांनी २१ मीटर चौरस तळाचा मनोरा घेतला आणि त्याच्या कोपऱ्यांतून दोन मजली उंचीच्या गच्च्या कोरून काढल्या. व्हरांडा बाहेर चिकटवला नाही, ठोकळ्यातून वजा केला. १:५०० ला हा ठोकळा ४२ मिमी चौरस आणि १६८ मिमी उंच होतो. एकदा कर, कोपरे काप. किती कापलं की मनोरा लंगडा दिसू लागतो ते हातालाच कळेल. सावली, वारा, दृश्य, सगळं त्या कापण्यातच ठरतं.

स्केचअपला (संगणकावर त्रिमित मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरला) माझी ना नाही. सावल्या तपासायला तर तेच बरं. पुण्यात २१ जूनला भर दुपारचा सूर्य डोक्यावरून साधारण ५ अंश उत्तरेला सरकलेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो. पण स्क्रीनवर झूम केलं की दारं-खिडक्या काढायचा मोह होतोच.

तुकडे चिकटवू नकोस, टाचण्या लाव; सकाळी मत बदलतं. (सॉल्व्हंटवाल्या गोंदाने थर्मोकोल विरघळतो, हेही आहेच.) आणि मॉडेल वरून बघत बसू नकोस, डोळे टेबलाच्या कडेला आणून रस्त्यावरून बघ.

सोमवारी निदान चार पर्याय घेऊन ये, रंग न देता. रंग दिला की क्लायंट रंगावरच बोलत बसतो.

— सर