हत्तीगवत कापायचं कशानं आणि परवडायचं कसं?

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमची दोन एकर काळी जमीन आहे. आजवर ऊसच केला. जवळ गवतापासून गॅस तयार करायचा प्रकल्प उभा राहतोय. त्यांचा माणूस नेपियर, म्हणजे हत्तीगवत, लावा म्हणून मागं लागलाय. पैसे टनावर, काटा प्रकल्पाच्या दारात, कापणी आणि वाहतूक आमच्याकडं. मालक इचलकरंजीत मागावर जातात, शेत मी आणि दीर बघतो. दीर म्हणतात, कर्ज काढून ट्रॅक्टरला जोडायचं कापणी-कुट्टी यंत्र, म्हणजे गवत कापून त्याचे बारीक तुकडे करणारं, घेऊया, तीन लाखांपर्यंत बसेल. परदेशात यंत्रानं गवत कापून गठ्ठे बांधतात, ते मोबाईलवर दाखवतात. घ्यावं का यंत्र?
– एक शेतकरी भगिनी, शिरोळ तालुका

उत्तर : ताई, दोन एकरांच्या जोरावर यंत्र घेऊ नका. मी 11 वर्षं करवीर आणि कागल भागात भाड्यानं कुट्टी यंत्र चालवलंय, त्या हिशोबानं सांगतो.

एका ओळीच्या यंत्रानं एकर उरकायला आम्हाला निम्मा दिवस जायचा. तुमचं गवत साधारण सत्तर दिवसांनी कापणीला आलं, तर वर्षाला पाच कापण्या. दोन एकर गुणिले पाच म्हणजे 10 एकर, म्हणजे यंत्राला वर्षातून पाच दिवस काम. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने. यंत्र 3 लाखांचं धरा. वर्षाची झीज 30,000 आणि व्याज सरासरी 15,000 धरलं तरी 10 एकरांवर वाटून एकरी 4,500 रुपये पडतात, आणि त्यात अजून डिझेल, ड्रायव्हर, पाती काहीच आलं नाही. तेच यंत्र गावात मिळून 100 एकर कापत असेल, तर हा बोजा 450 वर येतो. दिरांचा उत्साह खरा आहे, तो गावातले दहा-पंधरा जण गोळा करण्यात लावा. एकाच आठवड्यात सगळ्यांची लागण नको, टप्प्यानं करा, म्हणजे यंत्र एका शेतातून दुसऱ्यात फिरत राहील. आपल्याकडं पैरा, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबायची रीत, आहेच, त्यात यंत्र धरायचं एवढंच.

पण मला यंत्रापेक्षा वाहतुकीची काळजी जास्त वाटते. हिरव्या नेपियरमध्ये शंभरातले 75 ते 80 भाग पाणी असतं. 10 टन गवत काट्यावर गेलं की त्यातलं 8 टन पाणीच. आमच्या ट्रॉलीत कुट्टी चांगली तुडवून अडीच टनांच्या आसपास बसायची. एका खेपेला डिझेल, ड्रायव्हर, भरणी धरून 2,000 रुपये आले असं समजा. कोरडा माल निघतो 500 किलो, म्हणजे किलोमागं 4 रुपये फक्त वाहून न्यायला. अख्खं गवत मोळ्या बांधून नेलंत तर ट्रॉली वरपर्यंत भरलेली दिसते आणि काट्यावर वजनच येत नाही. त्यामुळं कुट्टी बांधावरच करायची.

सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. दर हिरव्या वजनावर की कोरड्या, कुट्टीची लांबी किती हवी, आणि जून ते सप्टेंबर माल कसा द्यायचा. ही तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात वाफसा नसताना, म्हणजे माती पुरेशी सुकलेली नसताना, ट्रॅक्टर घालायचा नाही म्हणजे नाही. एका श्रावणात घाईनं मी भरलेली ट्रॉली ओल्या रानात घातली. चाकांखालच्या दोन ओळींचे बुडखे दबले ते दबलेच, पुढच्या कापणीला तिथं नुसती विरळ पालवी. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या ओळी मला अजून दिसतात. म्हणून पावसाळ्यातल्या एक-दोन कापण्या कोयत्यानं करायच्या असं धरूनच हिशोब मांडा. मजुरी ऊसतोडीच्या आजच्या दरावरून काढा. 2024 च्या जानेवारीतल्या करारात तोडीचा दर 34 टक्के वाढलाय, जुने आकडे धरू नका.

ओल किती आहे ते घरीच कळतं. एक किलो कुट्टी मोजून घ्या, पत्र्यावर पातळ पसरा, रोज हलवा, तीन-चार कडक उन्हं द्या आणि परत तोला. पाव किलोच्या आसपास उरलं की समजायचं, बाकी पाणी होतं. काट्यावर कोणी ओल जास्त म्हणून वजन कापायला लागला, तर तुमच्याकडं तुमचा आकडा असेल.

भाड्याचं यंत्र आलं की सुरुवातीचे दहा-बारा बुडखे वाकून बघा. काप सपाट, ओला, चकचकीत हवा. दातवण चावल्यासारखे तंतू निघाले असतील तर पाती बोथट आहेत, तिथंच थांबवा. फाटलेला बुडखा कुजतो आणि फुटवा कमी येतो. अर्धी वीत बुडखा ठेवायला सांगा. त्याखाली गेलं की माती कुट्टीत येते, पात्यांची धार जाते आणि गॅसच्या टाकीत गाळ बसतो. आणि एक हात जोडून सांगतो, अडकलेली कुट्टी काढताना पीटीओ (ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा दांडा) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. चालत्या यंत्रात हात घालणाऱ्यांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत.

मोबाईलवर गठ्ठे बांधताना दिसतं ते बहुतेक मिस्कॅन्थस नावाचं गवत असणार. युरोपात ते थंडीत उभ्यानं वाळतं, पानं गळतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षातून एकदाच कापतात. तो माल बॉयलरला जातो, म्हणून तिथं कोरडेपणा हवा. आपलं गवत बारमाही हिरवं असतं. त्याचा ओला गठ्ठा बांधला तर आतून तापून बुरशी धरतो. गॅसला हिरवंच लागतं, फक्त फार निबर होऊ देऊ नका. खोड लाकडासारखं झालं की वजन वाढतं पण गॅस कमी निघतो.

प्रश्न : आमच्या गावात ऊसतोडणी यंत्र आहे. हंगाम संपला की ते हत्तीगवतात घातलं तर?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : खालून कापायला त्याला अडचण नाही, पण दोन गोष्टी आडव्या येतात. त्या यंत्राचे पंखे पाला बाहेर फेकण्यासाठी असतात आणि गवतात पाला हाच माल आहे. पंखे बंद ठेवावे लागतील. दुसरं, उसाचे तुकडे वीतभर पडतात, टाकीला एवढे मोठे चालत नाहीत, म्हणजे कुट्टीचा खर्च परत आलाच. शिवाय तुमच्या सऱ्या चार फुटांच्या असतील तर त्या यंत्राची चाकं बुडख्यांवरून जातील. आधी टेप घेऊन सरी मोजा, मग मालकाशी बोला.