जुने पार्ट हक्कानं मागा

प्रश्न : मानेवाड्याहून वर्धा रोडवरच्या ऑफिसला मी रोज स्वतःच्या कारनं जाते. महिन्याभरापासून ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून किर्रर्र आवाज यायचा. गॅरेजमध्ये गाडी लावली, तेव्हा 'पॅड बदलावे लागतील, अडीच हजारांत होईल' म्हणाले. संध्याकाळी हातात ९,४०० रुपयांचं बिल! दोन्ही डिस्क बदलल्या, ब्रेक ऑइल बदललं, एसीचा गॅसही भरला. विचारलं तर 'मॅडम, तुम्हाला त्यातलं नाही कळणार.' गुमान पैसे देऊन घरी आले आणि रडले. अशा वेळी बोलायचं काय?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, तुम्हाला कळतं. आवाज कधी येतो, कोणत्या चाकातून येतो, हे तुम्ही नेमकं सांगितलंत. मिस्त्रीला गिऱ्हाइकाकडून एवढंच हवं असतं. एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत माझं अर्धं आयुष्य गेलं. 'गाडी बरोबर नाही वाटत' एवढंच सांगणारे ड्रायव्हर मी ढिगानं पाहिले. तुम्ही त्यांच्यापेक्षा पुढे आहात.

आता त्या आवाजाचं. बऱ्याच ब्रेक पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. लायनिंग, म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, झिजत आलं की ती जीभ डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासते आणि किर्रर्र वाजते. तो पॅड बदलण्याचा इशारा. नव्या पॅडचं लायनिंग साधारण १० मिलिमीटर असतं, ३ च्या आसपास आलं की बदलायचं. तेव्हा पॅडचं काम खरंच होतं, असं मला वाटतं. डिस्कचं मात्र तसं नाही. डिस्कवर तिची कमीत कमी जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. चाक काढलं की मापायला दोन मिनिटं लागतात. 'कोरलेला आकडा किती आणि आत्ता माप किती, मला दाखवा,' एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा. लायनिंग पार संपून लोखंड लोखंडावर घासलं असेल, तर डिस्कला खोल चरे पडतात आणि ती बदलावी लागते. तुमच्या गाडीच्या डिस्क खरंच गेल्या असतील. पण ते तुम्हाला दाखवायला हवं होतं.

आणि एसीचा गॅस! नागपुरात एप्रिल लागला की हा गॅस भरायचा सपाटा सुरू होतो. पेट्रोलसारखा तो जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. फार कमी झाला असेल तर बहुधा कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. 'लिकेज कुठे सापडलं?' हे विचारायचंच.

पुढच्या वेळी गाडी देतानाच जॉब कार्डावर, म्हणजे गॅरेजवाले कामं लिहून घेतात त्या कागदावर, तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या, अंदाजे खर्च लिहून घ्या आणि खाली लिहा : 'फोनवर विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नये. जुने पार्ट परत हवेत.' छोट्या गॅरेजमध्ये जॉब कार्ड नसतं, तिथे हेच व्हॉट्सॲपवर पाठवा. आमचे फोरमन जुना पार्ट हातात घेऊन बघितल्याशिवाय नवा बसवू देत नसत. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. तो स्वतःच झिजलेला पॅड पुढे करतो, बोट लावून दाखवतो. असे मिस्त्री सक्करदऱ्यातही आहेत, मानकापुरातही आहेत. एक सापडला की त्याला सोडू नका.

पैसे देऊन आलात याचं वाईट वाटून घेऊ नका. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून धरायचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नं दुरुस्ती करणाऱ्याला आहे, त्यामुळे चावीवरून झटापट करण्यात अर्थ नव्हता. अशा वेळी पैसे द्यावेत, पण बिलावर 'या कामांना माझी संमती घेतली नव्हती' असं लिहून सही करावी आणि फोटो काढून ठेवावा. बिलाऐवजी साध्या चिठ्ठीवर भागवू नका. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तुमच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. उद्याच बिल घेऊन जा, सोबत कुणाला तरी न्या आणि जुन्या डिस्क मागा. जड लोखंड आहे, भंगारवाला येईपर्यंत कोपऱ्यात पडून असतं. मिळाल्या तर दुसऱ्या मिस्त्रीकडून मापून घ्या. मिळाल्या नाहीत तर तसं लिहून मागा. टाळाटाळ केली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. डिस्कचं माप काय निघालं, ते मला जरूर कळवा.