लष्कराची जुनी कमांड-कंट्रोल सॉफ्टवेअरं मोडीत काढून सगळं नव्यानं का लिहीत नाहीत? नव्या इंजिनिअरनं या क्षेत्रात यावं का?

"मोडीत काढून" हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. एरवी मे 2025 पासून जो तो लष्कराच्या आकाशतीर या हवाई संरक्षणाच्या यंत्रणेवर बोलतोय, त्यात मी भर घातली नसती.

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी सहा वर्षं याच कामात होतो. कंपनी कुठली, यंत्रणा कुठली, ते विचारू नका. रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं घणसोली, पुढे शेअर रिक्षा. तुकड्यांकडून रेडिओवर येणारे संदेश नकाशावर दाखवायचे आणि वरचा हुकूम खाली पोचवायचा, एवढंच काम. जुना कोड सी भाषेतला, वीसेक वर्षांपूर्वीचा. आमच्या मॅनेजरसाहेबांचं पहिल्या मीटिंगपासून एकच पालुपद: "तो कचरा उघडूसुद्धा नका. कोरी पाटी!" मी म्हणायचो, एकेक तुकडा बदलू, जुना आणि नवा शेजारी-शेजारी चालवून बघू. त्यावर सगळ्यांदेखत मला "म्युझियमचा वॉचमन" हे नाव पडलं.

तर त्या कचऱ्यात, संदेश पाठवण्याआधी दोन सेकंद थांबायची एक ओळ होती. कारण कुठेच दिलेलं नाही. शेजारी कॉमेंट: हात लावू नये. कोऱ्या पाटीवर ती अर्थातच उतरली नाही. लॅबमधला डेमो झकास झाला, कारण लॅबमध्ये रेडिओच्या जागी नेटवर्कची वायर होती. मग खऱ्या रेडिओ सेटवर लावलं. पहिला संदेश गेला, पोच आली नाही. सॉफ्टवेअरनं तोच पुन्हा पाठवला. परत पोच नाही, परत पाठवला. दहा मिनिटांत सगळे सेट एकमेकांवर तेच ते ओरडायला लागले आणि अख्खं रेडिओचं नेट जाम. पुढचे तीन आठवडे आम्ही आमच्या कोडमधल्या उवा वेचत बसलो.

टेस्टिंगला एक सुभेदारसाहेब होते, सिग्नल्समधून, म्हणजे लष्कराच्या दळणवळण शाखेतून निवृत्त, साताऱ्याकडचे. सेट चालू-बंद करायचे आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, एवढंच काम त्यांना दिलेलं. सल्ला कुणी विचारत नसे. एका दुपारी डबा खाता-खाता मी त्यांना त्या दोन सेकंदांबद्दल बोललो. चपातीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "अहो, प्रेसल दाबल्या-दाबल्या कोण बोलतं? सेटला श्वास घेऊ द्यायचा असतो." प्रेसल म्हणजे बोलताना दाबायचं सेटचं बटण.

ट्रान्समीटरला पूर्ण ताकदीवर यायला, पलीकडच्या सेटला सिंक व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात डेटा सोडला की संदेशाचं डोकंच उडतं, चेकसम, म्हणजे संदेश शाबूत आला का ते तपासणारा आकडा, जुळत नाही, पलीकडचा तो फेकून देतो. ओळ परत घातली, नेट मोकळं झालं. मॅनेजरसाहेबांनी अहवालात लिहिलं, "रेडिओ हार्डवेअरमधील त्रुटी."

आता अमेरिकेचं बघा. त्यांच्या अण्वस्त्र दलांना हुकूम पोचवणारी एक यंत्रणा 1970च्या दशकातल्या आयबीएम सिरीज वन संगणकांवर आणि आठ इंची फ्लॉप्यांवर चालते, हे 2016 मध्ये त्यांच्याच सरकारी अहवालात आलं तेव्हा जगभर हसू झालं. 2019 मध्ये त्यांनी फ्लॉप्या काढून सॉलिड स्टेट साठवण बसवली. यंत्रणा पाडली नाही! त्यांच्याच हवाई दलाच्या कतारमधल्या केंद्रात, हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचं नियोजन पांढऱ्या फळ्यावर चालायचं. छोटी टीम नियोजन करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि काही महिन्यांत कामाचं साधन तयार झालं. त्याच केंद्रांसाठीचा वर्षानुवर्षं रखडलेला मोठा प्रकल्प मात्र 2017 मध्ये गुंडाळावा लागला. म्हणजे तिथेही सुभेदारसाहेबच लागले.

आणि आकाशतीरचं म्हणाल, तर मार्च 2023 मध्ये बीईएलला (भारत इलेक्ट्रॉनिक्स) दिलेलं ते 1,982 कोटींचं कंत्राट. सॉफ्टवेअर नवं, पण ते आहे ती रडारं आणि दळणवळण एकत्र ओवण्यासाठीच. जुन्याशी बोलणं चुकत नाही.

एक कबूल करतो, जुनं ते सोनं असं माझं म्हणणं नाही. 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये अमेरिकेची पॅट्रियट ही क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिली, घड्याळातली बारीक चूक साठत-साठत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली, इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि 28 सैनिक गेले. सुट्या भागांचं उत्पादन बंद झालं तर बदलावंच लागतं, आणि सुरक्षेची भोकं बुजवत किती दिवस काढणार? तेव्हा "कधीच पाडू नका" असं वाचू नका.

यावं का? या. बँकवाल्यांपेक्षा पगार कमी, आणि दिवसभर काय केलं ते घरी सांगता येत नाही. सी नीट शिका, आणि मुलाखतीत विचारा की खरे सेट हातात कधी मिळतात. "शेवटच्या टप्प्यात" असं उत्तर आलं तर दुसरी नोकरी बघा.

गेल्या दिवाळीत मॅनेजरसाहेब तलावपाळीला भेटले. आता कुठल्याशा बँकेत आहेत. चहा झाला, मी मुद्दाम विषय काढला. म्हणाले, "अरे, तो रेडिओच खराब होता."