जुन्या मारुती ८०० ची रेस इंजिन गरम झाल्यावरही उतरत नाही, नेमकं काय तपासावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाडी २००५ ची मारुती ८०० आहे, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी), आणि गाव मूर्तिजापूरजवळ. दिवाळीनंतर गाडी उभी असतानाही इंजिन जोरात फिरत राहतं. मेकॅनिकनं केबल ढिली केली, थ्रॉटलचा स्क्रू पार मागे घेतला, तरी फरक नाही, आणि आता तो थ्रॉटल बॉडीच बदला म्हणतोय. इतक्यात बदलू नका. माझ्याकडे दर्यापूर तालुक्यात २००३ ची हीच गाडी आहे आणि या दुखण्यात माझे दोन महिने गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेट्रोल इंजिन किती वेगानं फिरेल हे हवेवर ठरतं. आपण पेडल दाबतो तेव्हा हवेचंच दार उघडतो. हे दार म्हणजे थ्रॉटल बॉडीतली फिरणारी चकती, तिला बटरफ्लाय म्हणतात. तुमच्या गाडीतला कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. हवा दारातून आली की खिडकीतून, हे त्याला कळत नाही. कुठूनही जास्तीची हवा आत गेली की तिच्या जोडीला पेट्रोल मिळतं आणि रेस वाढते. म्हणून शोधायचं एवढंच की ही हवा येते कुठून.

तुमच्या गाडीत आरपीएमचा काटा नाही, त्याची अडचण नाही. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू पूर्ण सोडा आणि पेडलला पाय लावू नका. इंजिन मिनिटाला ९००-१००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल तर गाडी भरभर चालणाऱ्या माणसाच्या चालीनं सरकते. सोबत पळावं लागत असेल तर रेस जवळपास दुप्पट आहे. एसी आणि दिवे बंद ठेवून पाहा, कारण एसी लावल्यावर कॉम्प्युटर मुद्दाम रेस थोडी वाढवतो.

नंतर बॉनेट उघडून थ्रॉटलचा लिव्हर बोटानं बंद दिशेला दाबा. त्यानं रेस उतरली तर दोष केबलचा, स्प्रिंगचा किंवा आत साचलेल्या कार्बनचा. पायाखालची मॅट पेडलला अडकत नाही ना, तेही बघून घ्या. रेस उतरली नाही, तर तुमच्या मेकॅनिकनं नकळत एक गोष्ट सिद्ध केलीय: स्क्रू पार मागे घेऊनही फरक नाही, म्हणजे हवा बटरफ्लायच्या फटीतून येतच नाहीये.

आता खरी चाचणी. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाईप थ्रॉटल बॉडीवरून काढा आणि इंजिन चालू असताना ते तोंड सपाट फळीनं किंवा जाड रबराच्या तुकड्यानं झाका. कापड अजिबात वापरू नका, आत ओढलं जातं. इंजिन गुदमरून बंद पडलं तर हवा याच तोंडातून जातेय. तोंड झाकूनही चालूच राहिलं तर थ्रॉटलच्या पलीकडे कुठेतरी भोक आहे.

माझी चालू राहिली होती. मग पक्कडीच्या तोंडाला चिंधी गुंडाळून एकेक रबरी पाईप हलकेच दाबत गेलो. ब्रेक बूस्टरचा पाईप दाबला आणि रेस खाडकन खाली आली. पाईप काढून पाहिला तर खालच्या बाजूनं उंदरानं कुरतडलेला. गाडी मी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी करायचो. वरून पाईप धडधाकट दिसत होता, त्यामुळे दोन मेकॅनिकांच्या नजरेतून सुटला. भाऊ, हे नुसतं रेसचं दुखणं नाही. त्याच पाईपच्या ओढीवर ब्रेक हलका राहतो. तुमचं ब्रेक पेडल हल्ली कडक लागत असेल, तर हा पाईप बदलेपर्यंत गाडी गावाबाहेर नेऊ नका.

पाईप चांगले निघाले तर मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. साध्या पाण्याची फवारणी सांध्यावर करा. आवाज बदलला तर तिथून एअर घेतेय. वायरिंगच्या जोडांवर पाणी जाऊ देऊ नका. आपल्याकडे काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर ते कोणालाही करू देऊ नका, गाडी पेटते.

तोंड झाकल्यावर इंजिन बंद पडलं, तर संशय आयडलच्या, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू ठेवणाऱ्या, हवेच्या व्हॉल्व्हवर. त्यात कार्बन अडकतो. थ्रॉटल बॉडी काढून क्लीनरनं साफ करा, पण व्हॉल्व्हची पिन जोर लावून ओढू नका. मात्र हा व्हॉल्व्ह कधीकधी हुकूम पाळत असतो. इंजिन थंड आहे असं कॉम्प्युटरला वाटलं, की तो स्वतःच जास्त हवा सोडायला सांगतो. दिवाळीनंतर सुरू झालं हे तुम्ही लिहिलंत, म्हणून माझं लक्ष इथे जातंय.

आपल्या भागात उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला उपाय ठरलेला: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणं. "कायले पाह्यजे भाऊ, आपल्या इकडं कोणतं बर्फ पडते," असं मलाही ऐकवलं गेलंय. मे महिन्यात ते खपून जातं. थंडीत मात्र पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं, रस्त्यावर इंजिन पुरेसं गरमच होत नाही आणि रेस चढीच राहते. सकाळी थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर पाईप बराच वेळ गार राहून मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय.

दुसरं म्हणजे पाणी. तुम्ही आणि मी दोघेही खारपाणपट्ट्यातले, जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की तापमानाच्या सेन्सरवर क्षारांचा थर बसतो आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. पाणी कमी पडून सेन्सर हवेच्या बुडबुड्यात राहिला, तरी तो चुकीचं सांगतो. सेन्सर मल्टीमीटरनं तपासता येतो: २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. गरम इंजिनावरही आकडा हजारांत असेल तर सेन्सर बदला. रेडिएटर धुऊन त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच भरा, झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा.

तुमच्या जागी मी उद्या सकाळी आधी तो वरचा पाईप पाहिला असता, मग फळी आणि पक्कड घेतली असती. दोष सापडला की स्क्रू परत मूळ जागी आणायला सांगा. बटरफ्लाय भिंतीला घासून अडकणार नाही, इतपतच तो आत हवा. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेवा, परत लावल्यावर पेडलला पाय न लावता गाडी गरम होऊ द्या, आणि रस्त्यावरची तीच पहिल्या गिअरची चाल पुन्हा पाहा.