८० हजारांत गेमिंग लॅपटॉप घेताना आय-७ प्रोसेसर निवडावा की चांगले ग्राफिक्स कार्ड?

ग्राफिक्स कार्डच निवडावे. आय-५ किंवा रायझन ५ प्रोसेसर घेऊन वाचलेले पैसे एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० किंवा जमल्यास ४०६० या ग्राफिक्स कार्डाकडे वळवावेत. कारण असे की, फुल एचडी पडद्यावर बहुतेक मोठ्या गेममध्ये ताण आधी कार्डावर येतो आणि ते मदरबोर्डलाच जोडलेले असल्याने नंतर बदलता येत नाही, तर रॅम व एसएसडी बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये पुढे वाढवता येतात. मात्र नुसत्या नावावर जाऊ नये. एनव्हिडियाने लॅपटॉपमधील ४०५० साठी वीजवापराचा ३५ ते ११५ वॅट असा पल्ला दिलेला आहे, म्हणजे तेच नाव असलेली ४५ वॅटची आणि ९५ वॅटची यंत्रे प्रत्यक्षात बरीच वेगळी चालतात. हा टीजीपीचा, म्हणजे कार्डाच्या कमाल वीजवापराचा, आकडा जाहिरातीत सहसा नसतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रकात शोधावा लागतो. ४०५० ला स्वतःची मेमरी ६ जीबी आहे, ४०६० ला ८ जीबी. नव्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांच्या बारकाव्याचे सेटिंग) 'अल्ट्रा'वर ठेवल्यास ६ जीबी अपुरी पडून खेळ अडखळतो, तेव्हा ते एक पायरी खाली आणावे. रॅम १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन असाव्यात. अपवाद एवढाच की, तुम्ही मुख्यतः व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ कमी सेटिंगवर १४४ हर्ट्झच्या पडद्यावर खेळणार असाल, तर तिथे प्रोसेसरचे महत्त्व वाढते.