यूकॉनचा, म्हणजे अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचा, मुलींचा बास्केटबॉल संघ इतका कसा जिंकतो? आतापर्यंतचे निकाल काय, आणि सतत एकच संघ जिंकत असेल तर बघण्यात मजा ती काय?

इतिहास आणि निकाल एवढंच विचारलं असतंत तर मी लिहायला बसले नसते. शेवटच्या वाक्यासाठी बसलेय. ते वाक्य मी कॉलेजपासून ऐकतेय आणि ते म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा सामना पाहिलेलाच नसतो.

तरी निकाल आधी उरकते. कनेक्टिकट विद्यापीठाचा मुलींचा संघ १९७४-७५ च्या मोसमात सुरू झाला. पहिली दहा-अकरा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. १९८५ मध्ये जिनो ऑरिएमा कोच म्हणून आला, तोपर्यंत फक्त एका मोसमात विजय पराभवांपेक्षा जास्त होते. त्याचंही पहिलं वर्ष १२ विजय, १५ पराभव असंच गेलं. १९९१ मध्ये पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत. १९९५ मध्ये रिबेका लोबो खेळायची तो संघ ३५-० असा अपराजित राहिला आणि फायनलमध्ये टेनेसीला ७०-६४ हरवून पहिलं विजेतेपद मिळालं. मग २०००, २००२, २००३, २००४, २००९, २०१०, २०१३ ते २०१६ सलग चार, आणि २०२५. एकूण बारा. त्यातले सहा मोसम एकही सामना न हरता. सलग ९० सामने जिंकण्याचा विक्रम केला, पुढे स्वतःच तो १११ वर नेला.

आता मजेबद्दल.

आम्ही हार्टफर्डजवळ राहतो. इथे इन्शुरन्स कंपन्यांमुळे आयटीतली मराठी मंडळी भरपूर, त्यामुळे मंडळाचा पाडवाही दणक्यात होतो. २०१७ चा पाडवा आठवड्याच्या मधे आला होता, म्हणून कार्यक्रम शनिवारी ठेवला आणि श्रीखंड माझ्याकडे आलं. शुक्रवारी, म्हणजे ३१ मार्चला रात्री, यूकॉनची सेमीफायनल होती. त्या दिवसाचा दुसरा सामना, त्यामुळे सुरू व्हायलाच रात्रीचे दहा. धाकटे दीर न्यू जर्सीहून सहकुटुंब आलेले. मी टीव्हीसमोर खाली वर्तमानपत्र पसरून पुरणयंत्र मांडलं होतं, चक्का आणि साखर फिरवत होते. भाऊजी सोफ्यावर, हातात फोन.

"वहिनी, किती फरकाने तेवढं सांगा. तीस की चाळीस? मी झोपायला मोकळा."

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. समोर मिसिसिपी स्टेट होती. आदल्या वर्षी याच संघाला यूकॉनने ९८-३८ हरवलं होतं. साठ गुणांनी! तेव्हा बॉस्टनच्या एका नामांकित क्रीडा स्तंभलेखकाने लिहिलं होतं की यूकॉनमुळे मुलींचा खेळ मरतोय, कोण बघणार हे. त्यावर जिनोचं म्हणणं असं की नको बघूस, आणि टायगर वूड्स सगळं जिंकत होता तेव्हा गोल्फ मरतंय असं कोणी म्हणालं नव्हतं.

सामना सुरू झाला आणि पूर्वार्धातच यूकॉन सोळा गुणांनी मागे. माझा हात पुरणयंत्रावर थांबला. १११ सामने जिंकत आलेल्या मुली साधे पास चुकवत होत्या. भाऊजींचा फोन मात्र अजून हातातच.

उत्तरार्धात त्यांनी गाठलं. ६०-६० झाले. शेवटच्या क्षणी मिसिसिपीची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, मॉर्गन विल्यम बास्केटकडे घुसली. उंची साडेपाच फुटांच्याही आत. यूकॉनच्या गॅबी विल्यम्सने तिचा शॉट वरच्यावर अडवला. ओव्हरटाइम. आता भाऊजींचा फोन सोफ्यावर उलटा पडलेला होता आणि ते स्वतः उभे होते.

ओव्हरटाइममध्ये अर्ध्या मिनिटाच्या आत वेळ उरली असताना रेफरींनी व्हिडिओ बघून मिसिसिपीवर फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर, फाउल दिला. यूकॉनच्या केटी लू सॅम्युअल्सनने दोन्ही फ्री थ्रो टाकले, ६४-६४, आणि वर चेंडूही यूकॉनकडेच. इथे शांतपणे वेळ काढून शेवटचा शॉट घ्यायचा, एवढंच काम होतं. त्यांनी घाई केली आणि चेंडू घालवला. मग तीच मॉर्गन विल्यम, जिचा शॉट थोड्या वेळापूर्वी अडवला गेला होता, तीच उजवीकडे ड्रिबल करत गेली, जागीच उडी मारली आणि बझर वाजता वाजता चेंडू आत. ६६-६४. कॅमेरा जिनोवर गेला तर तो चक्क हसत होता. त्या हसण्यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. मला विचाराल तर खेळ कळणारा माणूस तसाच हसेल.

भाऊजींनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "संपली तुमची टीम."

तासाभरापूर्वी हाच संघ बघवत नव्हता कारण तो हरत नाही. आता तो बाद, कारण हरला. मी विचारलं, "भाऊजी, पण मजा आली की नाही?" तर म्हणाले, "आज हरले म्हणून आली." अहो, मग तेच तर म्हणतेय! १११ विजय मागे नसते तर त्या एका बास्केटला अख्खी अमेरिका जागी राहिली असती का? मिसिसिपी स्टेट पुढे फायनल साउथ कॅरोलायनाकडून हरली. तरी त्या वर्षातला कोणता सामना लोकांना आठवतो, विचारून बघा.

आणि "बाकीचे कच्चे म्हणून जिंकतात" म्हणणाऱ्यांनी २०१६ नंतरची वर्षं बघावीत. २०१८ ला नोटर डेमकडून ओव्हरटाइममध्ये शेवटच्या सेकंदाला पराभव. २०१९ ला पुन्हा नोटर डेम. २०२१ ला ॲरिझोना. २०२२ ला साउथ कॅरोलायनाकडून फायनल हरले, आणि तोवर अकरा फायनल खेळून हा संघ एकही हरला नव्हता. २०२४ ला आयोवाकडून दोन गुणांनी. मधे संघाची मुख्य खेळाडू पेज बेकर्स हिचा गुडघा गेला आणि तिचा एक आख्खा मोसम वाया. नऊ वर्षं हात रिकामे. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायनालाच ८२-५९. ह्याला सोपं म्हणतात?

२०१० ची फायनलही शोधून बघा. तोवर एकही सामना न हरलेला यूकॉनचा संघ स्टॅनफर्डसमोर पूर्वार्धात बारा गुणांवर अडकला होता. वीस मिनिटांत बारा! गल्लीतली पोरं जास्त करतील. शेवटी माया मूरने सामना ओढून आणला, ५३-४७.

एवढं जिंकतात कसे, हे राहिलंच. एकच माणूस १९८५ पासून आहे, आणि त्याची सहायक क्रिस डेलीसुद्धा तेव्हापासूनच. सरावात मुली विद्यापीठातल्या मुलांविरुद्ध खेळतात, जी उंच आणि दांडगी असतात. चाळीस गुणांची आघाडी असतानाही एखादी डिफेन्समध्ये पाय ओढायला लागली की जिनो तिला बाकावर बसवतो. समोरचा कोण आहे यावर त्यांचा खेळ ठरत नाही. मला यात काही गूढ वाटत नाही.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. मी विदर्भातल्या एका कॉलेजकडून खेळायचे. झोनल आम्ही दर वर्षी जिंकायचो. संध्याकाळी कोर्ट मुलांना असायचं, म्हणून आम्ही पहाटे यायचो आणि सिमेंटवर दव असेल तर आधी पोत्याने पुसून घ्यायचो. एका वर्षी मुलं सेमीफायनलला हरली तरी गॅदरिंगमध्ये त्यांना ट्रॅकसूट मिळाले. आम्ही विचारायला गेलो तर क्रीडा विभागातले सर म्हणाले, "तुम्ही तर जिंकताच दर वर्षी. मुलींमध्ये कॉम्पिटिशन कुठे आहे?" मुंबईने सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली तेव्हा रणजीत कॉम्पिटिशन नाही असं याच सरांच्या पिढीने म्हटलं होतं का? उलट खडूसपणाचं कौतुक केलं. इथेही यूसीएलएच्या मुलांनी १९६७ ते १९७३ सलग सात वर्षं जिंकली, तर त्यांच्या कोचला, जॉन वूडनला, लोक जादूगार म्हणाले. मुली जिंकल्या की समोरचे कच्चे.

बरं, दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. २०१३ ते २०२० यूकॉन ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, होती तिथे ती एकही सामना हरली नाही, आणि ते सामने खरंच कंटाळवाणे होते. मीसुद्धा पूर्ण बघत नसे. देशातल्या उत्तम मुली तिथेच यायला बघतात हेही खरं. टेनेसीची कोच पॅट समिट हिने आठ विजेतेपदं मिळवली ती यूकॉनइतकीच मोलाची आहेत. २००७ नंतर या दोन संघांची दरवर्षीची लढत बंद पडली, ती थेट २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. मुलींच्या बास्केटबॉलचं नुकसान कशाने झालं असेल तर त्याने.

तुम्ही इकडे कुठे जवळपास असाल तर विद्यापीठाच्या गावी, स्टॉर्सला, गॅम्पल पॅव्हिलियनमध्येच सामना बघा. हार्टफर्डचं मैदान मोठं आहे, पण गॅम्पलचा आवाज तिथे नाही. मोसम नोव्हेंबरला सुरू होतो. नोटर डेम, टेनेसी किंवा साउथ कॅरोलायना यांच्याशी सामना असेल ते तिकीट आधी काढा. आणि सोबत असा एखादा माणूस न्या, जो आधीच विचारतो की किती फरकाने.